शेताचा बांध दरवर्षी एकाच जागी का फुटतो?

प्रश्न थोडक्यात असा: बालाघाटच्या रांगेतलं, बीड जिल्ह्यातलं चार एकर रान. मध्यम काळी जमीन. वरच्या अंगाला माती वीतभर, खालच्या अंगाला हातभर, त्याखाली मुरूम. उताराच्या दिशेनं लांबी १८० मीटर, रुंदी ९० मीटर, उतार ३ टक्के. डोक्यावर साधारण सहा एकर उघडा माळ. पीक सोयाबीन-तूर. दरवर्षी ओघळी पडतात, त्या ट्रॅक्टरनं बुजवल्या जातात आणि खालचा बांध ठरावीक जागी फुटतो. गेल्या साली तिथं सहा इंची पाइप टाकला, तर बांध पाइपाला लागूनच गेला. आता तेवढा भाग सिमेंटमध्ये बांधावा का? आणि वरच्या पांढुरक्या पट्ट्यात तलावाचा गाळ टाकावा का?

सिमेंटला पैसे घालू नका. गाळही यंदा नको. बांध फुटतो खाली, पण बिघाड वर आहे, आणि तो आकड्यांत मांडला की लगेच दिसतो.

तुमच्या बांधापाशी चार एकरांचं नाही, दहा एकरांचं पाणी येतं. तासाला ६० मिलिमीटर तीव्रतेची सर आपल्याकडे नवलाची नाही. एवढ्याशा रानाला ती पंधरा-वीस मिनिटं टिकली तरी पुरते. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं निम्मं पाणी वाहून निघतं. म्हणजे बांधापाशी सेकंदाला सुमारे ३३० लिटर. हजार लिटरची टाकी तीन सेकंदांत भरेल एवढा हा लोंढा. सहा इंची पाइप, मागे अर्धा मीटर पाणी तुंबलेलं असतानाही, सेकंदाला ३०-३५ लिटरच्या वर काढत नाही. उरलेलं ३०० लिटर बांधावरून जाणार किंवा बांधातून जाणार. त्यात पाइपाच्या गुळगुळीत पाठीला माती कधीच घट्ट बसत नाही. तिथून आधी झिरपा, मग धार, मग बोगदा, आणि शेवटी भगदाड. सिमेंटचा तुकडा बांधलात तर पाणी त्याच्या कडेची माती खाईल. फुटायची जागा चार हात सरकेल, एवढंच.

आता धूप होते कशी, ते जरा जवळून बघू, कारण उपाय कुठं करायचा ते त्यावरच ठरतं. जोराच्या पावसातला मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो. उघड्या ढेकळावर तो आदळला की कण सुटतात आणि उडतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर सोयाबीनचं रोप हातात घेऊन पान उलटं करा. खालच्या बाजूला माती चिकटलेली दिसेल. ती जमिनीवरून उडालेली असते. हे बारीक कण मग जमिनीच्या छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. पापुद्रा धरलेल्या रानात पाणी मुरत नाही, पळतं. म्हणजे सुरुवात वाहत्या पाण्यानं होत नाही, पडत्या थेंबानं होते. हिला उसळी धूप म्हणतात आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

त्यानंतरची सालकाढी धूप. सगळ्या रानावरून पाण्याचा पातळ पदर सरकतो आणि मातीचं साल काढून नेतो. हीही दिसत नाही. दिसतो तो तिचा परिणाम. “आमच्या रानात दरवर्षी दगड वर येतात” असं जे म्हणतात, त्यांच्या रानात दगड जागेवरच असतात, भोवतालची माती खाली गेलेली असते. पडीक कोपऱ्यात किंवा बांधाच्या कडेला नीट बघा: प्रत्येक खड्याखाली मातीचा लहानसा खांब उभा दिसेल. खड्यानं थेंब अडवला, म्हणून तेवढीच माती राहिली. त्या खांबाची उंची म्हणजे त्या हंगामात गेलेली माती. पट्टी लावून मोजता येते.

पदर पुढं एकवटला की ओघळी. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची ऊर्जा चौपट होते, आणि माती वाहून नेण्याची ताकद पाठ्यपुस्तकी हिशेबानं ३२ पटींपर्यंत जाते. म्हणून १८० मीटर लांबीचा सलग उतार आणि ३० मीटरचे सहा तुकडे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाण्याला धावायला जागाच मिळत नाही. ओघळ नांगरानं बुजेनाशी झाली की ती घळ.

तुमच्या ओघळींचा एकदा हिशेब मांडा. पावसाळा संपता संपता, नांगरट व्हायच्या आधी, उताराला आडवी वीस मीटरची दोरी धरा. दोरीखाली येणाऱ्या प्रत्येक ओघळीची सरासरी रुंदी आणि खोली मोजा. समजा आठ ओघळी निघाल्या, प्रत्येक २० सेंटिमीटर रुंद, ८ सेंटिमीटर खोल. सगळ्यांचा मिळून छेद १,२८० चौरस सेंटिमीटर. वीस मीटरवर पसरला तर सरासरी ६.४ मिलिमीटर जाडीचा थर. ओघळी रानभर तशाच असतील तर एकरी जवळजवळ २६ घनमीटर, म्हणजे नऊ ब्रास माती. लक्षात ठेवायला सोपं गणित: एकरावरची एक मिलिमीटर माती म्हणजे सुमारे पाच टन, जवळजवळ दीड ब्रास. भारताची सरासरी धूप १९८३ साली हेक्टरी वर्षाला १६.३५ टन काढली गेली. म्हणजे मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. त्या सरासरीच्या पाच पट तुमच्या नुसत्या ओघळींतून जात असेल, सालकाढीचं वेगळंच.

ट्रॅक्टरनं ओघळ बुजवण्यातली गोम इथं आहे. बुजवायला माती बाजूच्या रानातून येते, आणि ती भुसभुशीत असते. पुढच्या जूनमध्ये सगळ्यात आधी तीच जाते, कारण उतार तोच, वाट तीच. ओघळ बुजवणं म्हणजे बाजूची माती पुढच्या वर्षीच्या वाहतुकीसाठी भरून ठेवणं.

नुकसानाबद्दल बोलताना लोक “नत्र वाहून जातं” इथं थांबतात. खरंय, वाहून जाणारी माती मागे राहणाऱ्या मातीपेक्षा सकस असते, कारण बारीक कण आणि सेंद्रिय पदार्थ आधी सुटतात. पण एकरी एक मिलिमीटर मातीत एकूण नत्र जेमतेम अडीच किलोच्या घरात असतं, आणि ते पोत्यातून विकत मिळतं. विकत मिळत नाही ती खोली. काळ्या मातीचा १० सेंटिमीटर थर पिकाला घेता येईल असं १५ ते २० मिलिमीटर पाणी धरतो. शेंगा भरताना सोयाबीनला रोज ४-५ मिलिमीटर लागतं. म्हणजे १० सेंटिमीटर माती गेली की पावसाच्या खंडात तग धरायचे चार दिवस गेले. तुमच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यात वीतभराचा फरक आहे, म्हणजे आठ-दहा दिवसांचा. ऑगस्टच्या खंडात वरचं सोयाबीन आठवडाभर आधी माना टाकतं ते याचमुळं; तिथं खताची मात्रा वाढवून काही होणार नाही.

कामाला लागण्यापूर्वी एक चाचणी घरीच करा, तिला खर्च नाही. वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यातून हरभऱ्याएवढे वाळलेले मातीचे खडे घ्या. तीन काचेच्या ग्लासांत पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या. बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळं चाचणी फसते. खडा अलगद सोडा, ढवळू नका. दहा मिनिटांनी आणि दोन तासांनी बघा. खडा तसाच राहिला तर उत्तम. खडा ढासळून ढीग झाला पण पाणी स्वच्छ राहिलं, तर मातीत सेंद्रिय पदार्थ कमी आहेत. शेणखत, पिकांचे अवशेष, कमी मशागत यांनी सुधारतं. खड्याभोवती दुधाळ ढग पसरला तर माती चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली आहे. अशा मातीचा बांध कितीही धुमस करून घातला तरी आतून विरघळून जातो, बाहेरून काही कळत नाही आणि एके दिवशी बोगदा पडतो. तिथं माती तपासून जिप्समची मात्रा ठरवायची आणि बांधाला ती माती वापरायचीच नाही. बालाघाटात हे क्वचित, विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात नेहमीचं. पण सखल कोपऱ्यातली माती तपासून घ्या.

आता काम, आणि ते वरून खाली. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात, आणि आपल्याकडे तो हमखास उलटा होतो, कारण फुटलेला बांध डोळ्यांत खुपतो आणि माळावरचं पाणी कुणाला दिसत नाही.

पहिलं म्हणजे माळ. तो गायरान असेल तर ग्रामपंचायतीला धरून, खाजगी असेल तर मालकाच्या संमतीनं, त्यावर समतल चर घ्या: ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, खोदलेली माती चराच्या खालच्या अंगाला. असा चर मीटरमागे १८० लिटर पाणी धरतो. सहा एकरांवर दर दहा मीटरला एक ओळ धरली तर २,४०० मीटर चर होतात आणि ते एका दमात १८ मिलिमीटर पाऊस पोटात घेतात. मोठ्या पावसाला हे पुरणार नाही, पण लहान-मध्यम पाऊस तुमच्या रानात उतरणारच नाही. चर समतलात नसेल तर तो चर राहत नाही, नाला होतो. एका टोकाला पाणी गोळा होऊन तिथूनच नवी घळ पडते. यंत्रानं उरकलेल्या कामात हे फार दिसतं. म्हणून लांब चरात दर दहा-पंधरा मीटरला हातभर न खोदलेली जागा सोडावी.

माळ आणि रान यांच्या सीमेवर एक वळण-चर लागेल. तळ ६० सेंटिमीटर, खोली ४५, बाजू एकास एक, म्हणजे वरची रुंदी दीड मीटर. ढाळ ०.३ टक्के, म्हणजे १०० मीटरला ३० सेंटिमीटर. माती खालच्या बाजूला टाकून दाबा. माळाचं पाणी हा चर बाजूनं नेऊन मूळच्या ओहळात सोडतो. ढाळ वाढवायचा मोह होतो, “पाणी लवकर निघून जाईल” म्हणून. तसं केलंत तर चराचा तळच खचत जाईल. आणि तोंड शेजाऱ्याच्या रानात काढू नका. पाणी पूर्वी जिथून जात होतं तिथंच सोडायचं, शेवटच्या तीन-चार मीटरला दगड रचून.

दुसरं, खुद्द रानाचा उतार तोडायचा. इथं बांधाच्या जातीचा प्रश्न येतो. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर आपल्याकडे समपातळी बांधांची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. हलक्या जमिनीत ते बांध चांगले चालतात: पाणी अडतं आणि मुरतं. काळ्या जमिनीत मात्र अडलेलं पाणी मुरायला दिवसच्या दिवस लागतात, पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून वाट काढतं. म्हणून मध्यम-भारी काळ्या रानात ढाळीचे बांध: पाणी अडवायचं नाही, हळूहळू कडेला चालवत न्यायचं. तुम्हाला हेच हवेत.

बांधांमधलं अंतर काढायचं सूत्र सोपं आहे. उताराच्या टक्क्याला ३ नं भागा, २ मिळवा, ०.३ नं गुणा. दोन बांधांमधला उभा फरक मीटरमध्ये मिळतो. ३ टक्क्यांना ०.९ मीटर, म्हणजे जमिनीवर ३० मीटर. त्या हिशेबानं तुमच्या रानात मध्ये पाच बांध बसतात. ६० सेंटिमीटर उंच, माथा ३० सेंटिमीटर, बाजू दीडास एक (उंचीच्या दीडपट आडव्या) धरली तर पाया २.१ मीटर होतो आणि पाच बांध सव्वानऊ गुंठे खातात. एवढी जागा कुणी सोडत नाही. सोडली तरी तिसऱ्या वर्षी नांगर बांधाला लागतो. भावकीतला बांध कोरायला दोन्ही बाजूंनी नांगर येतो, इथं तर दोन्ही नांगर आपलेच. म्हणून माझं मत: ६० आणि १२० मीटरवर दोनच बांध घाला, आणि ३०, ९०, १५० मीटरवर वाळ्याच्या ओळी लावा. बांधांखाली पावणेचार गुंठे जातील. वाळ्याची जुडी मुळाशी धरून दोन-तीन फुटवे एका जागी, १०-१५ सेंटिमीटरवर, पावसाळा लागताच लावायची. पहिल्या वर्षी एकही फट राहता कामा नये. फट राहिली की सगळं पाणी तिथूनच जातं आणि ओळ असून नसल्यासारखी. एक बेणं मेलं तर पंधरा दिवसांत सांधा. वाळा गुरं फारशी खात नाहीत, हा इथं गुण आहे.

ओळी आखायला ए-फ्रेम करा. सात फुटी दोन बांबू, पायांतलं अंतर बरोबर दोन मीटर, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून सुतळीला बांधलेला दगड. दोन खुंट्यांवर पाय ठेवून सुतळी पट्टीवर कुठं येते तिथं खूण करा. फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. हे फिरवणं लोक टाळतात आणि मग सगळी ओळ चुकते. बांधाला पाव टक्का ढाळ हवा, म्हणजे दोन मीटरला पाच मिलिमीटर: पुढच्या पायाच्या तळाला पाच मिलिमीटरची चकती ठोका आणि पाणी ज्या दिशेनं न्यायचं त्या दिशेनं चालत जा. वारं असेल तर सुतळी डुलते आणि पाच मिलिमीटरचा भरवसा राहत नाही. अशा वेळी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेणं बरं, दर दहा मीटरला अडीच सेंटिमीटर उतरत. नळीत बुडबुडा राहिला तर वाचन चुकतं, एवढं सांभाळा. आखलेली ओळ फार नागमोडी आली तर ट्रॅक्टर चालेल एवढी सरळ करून घ्या, पण सखल जागी बांध तेवढा उंच ठेवा.

बांध घालताना आधी पायाच्या पट्ट्यावरचं गवत-काडी खरवडून काढा आणि नांगराचं एक तास मारा. तसं न करता टाकलेली माती जमिनीला सांधत नाही आणि बांधाखालून पाणी वाट काढतं. माती बांधाच्या वरच्या अंगानं घ्या, ३० सेंटिमीटर जागा सोडून, उथळ आणि रुंद खोदून. १५-१५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर ओलसर करून चोपलेला. यंत्रानं नुसती लोटलेली माती पावसात चौथाईनं बसते, तेव्हा तेवढी उंची जास्त ठेवा. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात फाटतो. आत काळी माती आणि वरून वीतभर मुरमाड मातीचं कवच दिलं तर भेगा कमी पडतात. वरच्या बाजूनं मारवेल गवत किंवा स्टायलो हे चाऱ्याचं द्विदल पीक लावून टाका. बांधावर तूर लावायची पद्धत आहे. ती माथ्यावर चालते, उतारावर खणून लावू नका. घुशी-उंदरांची बिळं मे महिन्यात खणून, भिजवून, चोपून बुजवायची. वरवर माती लोटलेलं बीळ पहिल्या लोंढ्याला उघडतं.

बांधांचं पाणी एका कडेला जाणार, तेव्हा तिथं गवती पाट हवा: तळ दोन मीटर, खोली ३० सेंटिमीटर, बाजू तिरप्या, वरून खालपर्यंत. साडेपाच-सहा गुंठे जातील, पण ते चाऱ्याचं रान होतं. गवत चांगलं धरलेल्या पाटात पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं गेलं तरी माती हलत नाही. उघड्या काळ्या मातीत ०.६ मीटरलाच ती सुटायला लागते. म्हणून पाट आधी आणि बांध नंतर. यंदाच्या पावसात पाट कोरून त्यात मारवेल किंवा पवना गवत धरू द्या, बांध पुढच्या उन्हाळ्यात घाला. घाई करून एकाच वर्षात दोन्ही केलं तर गवत धरायच्या आत पाटाची घळ होते. ढाळीच्या बांधांची बदनामी बहुतेक वेळा यातूनच झालेली आहे. हरळी माती धरायला सगळ्यात चिवट, पण ती रानात घुसली की पिढ्या जातात काढण्यात, तेव्हा तिला हात लावू नका.

आता तुमचा खालचा बांध. पाइप काढा. भगदाडाच्या कडा उभ्या ठेवून मध्ये माती भरू नका. कडा पायऱ्यांसारख्या कापा, भिजवा, थर देत चोपा, म्हणजे नवी-जुनी माती एकमेकीत गुंतते. मग सांडवा, आणि तो भराव माती घातलेल्या जागी नव्हे, गवती पाट जिथं बांधाला मिळतो त्या टोकाला, मूळच्या मुरमावर. ३३० लिटरचा लोंढा १५ सेंटिमीटर जाडीनं काढायचा तर सांडव्याची रुंदी साडेतीन मीटर लागते. ३० सेंटिमीटर जाडीनं काढला तर सव्वा मीटरही पुरते, पण मग पाणी खाली जोरात आदळतं आणि पायाच खणतं. रुंद आणि उथळ घ्या. सांडव्याच्या माथ्यापेक्षा बांध निदान ३५ सेंटिमीटर उंच: १५ पाण्याचे, २० सुटीचे, म्हणजे पाण्यावर राखून ठेवलेले. वरचा चर झाल्यावर माळाचं पाणी इथं यायला नको, तरीही सांडवा दहा एकरांचाच ठेवा. चर एखाद्या रात्री पालापाचोळ्यानं तुंबतोच.

सांडव्याखाली घळ पडलेली असेल तर अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचे, सिमेंटविना रचलेले बांध. उंची पाऊण मीटरच्या वर नको. घळीच्या दोन्ही काठांत हातभर आत घुसवलेला, मध्यभागी खोलगट, म्हणजे पाणी मधूनच जाईल आणि काठ खाणार नाही. वरचा उतार एकास एक, खालचा एकास दोन ते तीन (उंचीच्या दुप्पट-तिप्पट आडवा), मोठे दगड खालच्या तोंडाला, बारीक पोटात. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला आला पाहिजे: घळीचा उतार ६ टक्के असेल तर पाऊण मीटरच्या बांधांना साडेबारा मीटर अंतर. मध्यभाग सपाट किंवा फुगीर रचला तर पाणी कडेनं जातं आणि घळ दुप्पट रुंद होते. त्यापेक्षा बांध न घातलेला बरा.

हे सगळं झालं तरी पेरणी उताराला उभीच राहिली तर प्रत्येक तास म्हणजे एक तयार ओघळ. तुमच्या रानाची रुंदी ९० मीटर आहे, आडवी पेरणी ट्रॅक्टरला सहज जमते. वळणं वाढतील, डिझेल थोडं जास्त जाईल. वाटण्यांत उताराला उभ्या वीस-वीस मीटरच्या पट्ट्या झालेल्यांना खरी अडचण आहे, त्यांनी तीन-चार भावांनी मिळून आडवं पेरावं, दुसरा मार्ग नाही. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या, सरी बांधाच्या ढाळीला समांतर. पेरणीपूर्वी रोटाव्हेटरनं पीठ करू नका. सुपारीएवढी ढेकळं असलेलं रान थेंबाचा मार जास्त सोसतं. सोयाबीन रान झाकायला ४०-४५ दिवस घेतं आणि तेवढ्यातच जून-जुलैच्या मोठ्या सरी येऊन जातात, तेव्हा मागच्या हंगामाचं कुटार जाळून टाकण्याऐवजी वरच्या पट्ट्यात तरी ओळींमध्ये पसरा. एकरी दोन टन मिळालं तर उत्तम, एक टनानंही फरक दिसतो. सपाट पेरा असेल तर महिन्याभरानं दर सहा-आठ ओळींनंतर एक मृतसरी, म्हणजे पाणी धरायला रिकामी सरी काढा.

वरच्या शेतकऱ्याशी किंवा खालच्याशी पाण्यावरून वाद निघाला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला कुणी अडथळा घातला असेल तर तो दूर करवता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे. काम सुरू करण्यापूर्वी ओहळाचे, सांडव्याचे आणि शेजारच्या हद्दीचे फोटो काढून ठेवा.

काम लागू पडलं की नाही ते बाटलीत बघता येतं. भर पावसात रानाच्या तोंडाशी वाहणारं पाणी लिटरभराच्या बाटलीत धरा, तारीख लिहा, दिवसभर स्थिर ठेवा आणि तळाचा गाळ वाळवून तोला. लिटरमागे १० ग्रॅम गाळ असेल आणि एकरावरून २० मिलिमीटर पाणी वाहून गेलं असेल, तर त्या एका पावसात ८०० किलो माती गेली. दर हंगामात त्याच जागी तीन-चार बाटल्या धरा.

राहिला तलावाचा गाळ. वरच्या वीतभर मातीच्या पट्ट्याला त्याचा उपयोग आहे, यात शंका नाही. पण पाच सेंटिमीटर थर द्यायचा तर एकरी ७१ ब्रास लागतात, आणि उतार न तोडता टाकलेला मोकळा गाळ दोन पावसाळ्यांत जिथून आला तिकडेच निघतो. बांध आणि वाळ्याच्या ओळी धरल्यावर, म्हणजे तिसऱ्या उन्हाळ्यात टाका. आणण्यापूर्वी त्याचा खडा त्याच ग्लासात सोडून बघा, दुधाळ ढग आला तर आणू नका. चुनखडीचे खडे जास्त दिसले तरी नको. ढीग पाडून ठेवू नका, आणला त्याच आठवड्यात पसरून, उन्हात चांगला तापू द्या आणि आडव्या नांगरटीनं खालच्या मुरमाड मातीत मिसळा. वर नुसता थर राहिला तर पाणी त्या सांध्यावरून सरकतं.